बारा पोती रस्माल

फय्यूम शहर,
अमशीर महिन्याची तेवीस तारीख, असरच्या नमाजानंतर

ज्यानं माणूस मातीतून घडवला, आणि मग त्याच मातीवरून भावाबहिणींची परीक्षाही घेतली, त्या कृपावंताच्या नावानं आरंभ करते.

वडिलांच्या जागी असलेले माझे थोरले बंधू, इज्बत शनबचे हाज मुतवल्ली यांना धाकटी बहीण इन्साफ हिचा आदरपूर्वक सलाम. तुमची साखर कशी आहे? उजवा गुडघा अजून तसाच वाजतो का? करड्या म्हशीच्या पायाची जखम भरली का? सनिय्यावहिनींचं पित्त कसं आहे? (म्हशीची चौकशी वहिनींच्या आधी केली याचा राग मानू नये. वहिनी आपलं दुखणं स्वतः सांगतात, सगळ्या गल्लीला सांगतात. म्हशीला ती सोय नाही.) आम्ही दोघं इथे ठीक आहोत. उस्ताज रुश्दी तुम्हाला सलाम सांगत नाहीत, कारण तुम्ही त्यांचा सलाम घेणार नाही असं त्यांना वाटतं. पण मी त्यांच्या वतीनं लिहिते, घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

किराणावाले अम्म गुनैम यांच्या दुकानासमोर, भर बाजारात, "इन्साफ नावाची माझी बहीण मेली" असं तुम्ही जाहीर केलंत, असं कळलं. मेलेल्या बाईनं पत्र लिहू नये एवढी समज मला आहे. पण दफन होण्याआधी मयताला आपली बाजू मांडायची मुभा असावी, म्हणून नमाजाआधी धुतात तसे हातपाय धुऊन, वुजू करून, नवी रीफिल घालून बसले आहे. तुमचा आरोप असा की, एकोणीस वर्षांनी मी बाबांच्या जमिनीतला हिस्सा मागितला आणि भावाचं नाक कापलं. खूया, माझ्या भावा, मी कसला हिस्सा मागणार? बाबांमागे कर्ज फिटून नाल्याकाठचे नऊ किरात उरले, तेही खारवट, वर पांढरी पापडी धरणारे, आणि त्यात आम्हा दोघी बहिणींच्या वाट्याला सव्वादोन-सव्वादोन किरात येतात, हे तुम्हीच तर आम्हाला सांगितलं होतं. सव्वादोन किरात खारट माती घेऊन मी काय मिठाचं दुकान काढणार होते? तेव्हापासून मी तोंडातून शब्द काढला नाही. तुम्ही दर ईदला कबुतरांची एक जोडी पाठवता, ती माझ्या वहीत आहे. (अठरा जोड्या. एका वर्षी तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, ते वर्ष मी माफ केलं आहे.)

मी जमीन मागितली नाही. मी रस्माल मागितलं, कबुतरांची विष्ठा. आता झालं कसं ते पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सांगितलं तर तुम्हाला मधलंच ऐकायची सवय आहे.

उस्ताज रुश्दी निवृत्त झाले हे तुम्हाला माहीत आहे. एकतीस वर्षं शाळेत शुद्ध अरबी व्याकरण शिकवलेला माणूस निवृत्त झाला की दोनच गोष्टी करू शकतो: बायकोचं बोलणं सुधारणं किंवा देशाची शेती सुधारणं. पहिलं काम त्यांनी एकतीस वर्षं फावल्या वेळात केलंच होतं, म्हणून आता दुसरं हाती घेतलं. वाळवंटाच्या रस्त्याला सहा किरात जागा घेतली. मी तिला जागा म्हणते, कारण जमीन म्हणावं असं तिथे काही नाही. आहे ती वाळू. वाळूसुद्धा अशी गरीब की विंचूही तिथे पाहुणा म्हणूनच येतो. सकाळी बादलीभर पाणी ओतलं आणि फातिहा म्हणायला सुरुवात केली, तर ती संपायच्या आत पाणी खाली निघून गेलेलं असतं. माती म्हणजे तवा असेल तर वाळू म्हणजे चाळणी. पाणी थांबत नाही आणि पाण्याबरोबर दिलेलं अन्नही थांबत नाही. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "तू मॅट्रिक. हे विज्ञान आहे."

विज्ञान शहरातल्या एका खतांच्या दुकानात मिळतं. तिथे एक बाशमुहंदिस, म्हणजे शेतकीचा इंजिनियर, बसतो, हसतमुख, स्वच्छ नखांचा. (ज्याची नखं स्वच्छ त्याच्याकडून शेतीचा सल्ला घेऊ नये असं बाबा म्हणायचे, पण बाबांची नखं पाहता त्यांचा सल्ला ऐकण्यासारखा होता हे आमच्या उस्ताजांना कोण सांगणार?) त्यानं सांगितलं की मातीची गरजच नाही, जगात आता माती कोणी वापरत नाही. रोपांना हवं असतं ते फक्त मुळं रोवायला काहीतरी, हवा, पाणी आणि अन्न. तेव्हा वाळूत बिटमॉस मिसळा आणि पर्लाइट मिसळा. बिटमॉस म्हणजे कुठल्याशा थंड देशातल्या दलदलीत हजारो वर्षं कुजलेलं शेवाळ. दिसायला चहाच्या चोथ्यासारखं, किमतीला केशरासारखं. खूया, आमच्याच देशातल्या नदीनं हजारो वर्षं आमच्या दारात फुकट आणून टाकलेला काळा गाळ सोडून आम्ही परक्यांचं शेवाळ जहाजातून मागवलं! उस्ताजांनी ते कोरडंच पसरलं आणि वरून पाणी मारलं. ते एकदा सुकलं की पाणी पीत नाही, रुसलेल्या सुनेसारखं बाजूला सरकतं. पाणी खाली गेलं, शेवाळ वर तरंगलं, आणि आमची वाळू मधल्या मध्ये कोरडीच राहिली.

आणि पर्लाइट! पांढरे, हलके, भट्टीत फुगवलेले मणी. मुळांना हवा मिळावी म्हणून ते घालायचे. कुंडीत घातले तर चांगलेच असतील, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या उस्ताजांनी ते उघड्यावर, सहा किरातांवर, आणि कोणत्या महिन्यात पसरले? अमशीरमध्ये! अमशीरचा वारा कसला असतो हे आपल्या गावात रांगतं मूलसुद्धा जाणतं. पण ज्या माणसाच्या कॅलेंडरवर फक्त परीक्षांच्या तारखा होत्या त्याला अमशीर काय आणि तूबा काय. दुपारी वारा सुटला. चार पोती पर्लाइट उठलं आणि शेजारच्या हाज्जा नईमाच्या कोंबड्यांवर जाऊन पडलं. नईमाबाई ओरडत आल्या, "रुश्दी उस्ताज, माझ्या अंगणात बर्फ पडतंय! कयामत आली की काय?" कोंबड्यांनी ते तांदूळ समजून टिपलं आणि तीन दिवस अंडी दिली नाहीत. त्या नऊ अंड्यांचे पैसे आम्ही भरले. मुळांना हवा मिळाली की नाही माहीत नाही. कोंबड्यांच्या पोटाला मिळाली.

मग खत आलं. पोत्यावर मोठ्या अक्षरांत एकोणीस-एकोणीस-एकोणीस. मला वाटलं दुकानाचा टेलिफोन नंबर असेल. तर ते नव्हतं. पहिला आकडा पानांसाठी, दुसरा मुळांसाठी, तिसरा फळांसाठी. सगळ्यांना सारखा वाटा. (खत बनवणाऱ्यांना जे कळतं ते सगळ्यांना कळतंच असं नाही.) बाशमुहंदिसानं सांगितलं होतं, लिटरभर पाण्यात एक ग्रॅम. उस्ताजांनी विचार केला की एक ग्रॅमनं काय होतं, ही छपाईची चूक असणार. चुका दुरुस्त करणं हा तर त्यांचा धंदाच. त्यांनी मूठभर घातलं. टोमॅटोची बेचाळीस रोपं होती. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा इस्त्री लागल्यासारख्या तपकिरी झाल्या, तिसऱ्या दिवशी माना पडल्या. ते म्हणाले, अजून भूक आहे वाटतं, आणखी घालूया. मी त्यांच्या हातातून पोतं काढून घेतलं आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, बघा, लिंबाला मीठ लावलं की लिंबाचं पाणी बाहेर येतं की बाहेरचं पाणी लिंबात जातं? तुम्ही खत नाही घातलंत, लोणचं घातलंत. रोपांची मुळं पाणी प्यायच्या ऐवजी ओकताहेत. ते बरणीकडे बघून म्हणाले, "ओकणे हे क्रियापद वनस्पतीला लागत नाही."

बेचाळीसपैकी एक रोप जगलं. ते कुंपणाच्या कोपऱ्यात होतं, जिथे नईमाबाईंच्या कोंबड्या दिवसभर बसतात.

ते एक हिरवं रोप पाहून मला बाबा आठवले, खूया. तुम्हालाही आठवत असेल. नदीपलीकडच्या वाळूत कलिंगडं लावायची तेव्हा बाबा हातभर खोल खड्डा घ्यायचे. तळाला कबुतरांच्या बुरुजातलं जुनं, मुरलेलं रस्माल, त्यावर चार बोटं काळा गाळ, मग ओली वाळू, आणि वर बी. "रस्माल म्हणजे तापट पोर आहे," म्हणायचे, "ताजं लावलंस तर रोप जाळेल, वर्षभर शांत बसवलंस तर घर चालवेल." गाळ पाणी धरून ठेवतो, रस्माल हळूहळू अन्न सोडतं, वाळू मुळाला मोकळं करते. तिघांनी आपापलं काम केलं की त्या रखरखाटातून मणभर गोड पाणी बाहेर यायचं. बाबांकडे ना बाशमुहंदिस होता ना पोत्यावरचे आकडे. मी ठरवलं, बरम्हात महिना उजाडला की कलिंगडं लावायची, बाबांच्या पद्धतीनं. फक्त बारा पोती रस्माल लागेल. आणि रस्माल कुठे मिळेल? माझ्या भावाच्या बुरुजात. इतकी सरळ गोष्ट.

आता टेलिफोनचं ऐका. अम्म गुनैमच्या दुकानाचा नंबर तासभर लागत नव्हता. मी उस्ताजांना सांगून ठेवलं: "लागला तर मुतवल्लीला निरोप द्यायला सांगा, की इन्साफला रस्मालची बारा पोती हवीत. बाबांच्या वेळचं, जुनं. तिनं आजवर कधी काही मागितलं नाही, तेव्हा एवढं नाही म्हणू नका." आणि मी असरच्या नमाजाला उभी राहिले. फोन नेमका तेव्हाच लागला.

तुम्हाआम्हाला रस्माल म्हणजे काय ते कळतं; बुरुजात शिरलं की नाकालाही कळतं. पण आमचे उस्ताज अलेक्झांड्रियाचे. तिकडे कबुतर फक्त ताटात भेटतं. शहरात रस्माल म्हणजे एकच: भांडवल. त्यांना वाटलं, बायको गावंढळ उच्चार करते आहे, आपण शुद्ध करून सांगू. आणि पोती? भांडवलाची पोती कशी असतील, म्हणून तो शब्द त्यांनी अर्थदोष समजून गाळला. मी सज्द्यात कपाळ टेकून होते आणि माझ्या पाठीमागे माझा नवरा, वर्गात धडा सांगावा तसं, एकेक अक्षर सुटं करून अम्म गुनैमला सांगत होता: "लिहून घ्या. आपल्या भगिनी इन्साफ आपल्या दिवंगत वडिलांच्या काळापासूनच्या मूळ भांडवलातील आपले बारा मागत आहेत. होय, बारा. आजवर मागितले नाहीत. आता नकार चालणार नाही."

खूया, नमाज मोडता येत नाही. मी काय करणार? पुढची तकबीर मी इतक्या मोठ्यानं म्हटली की खालच्या मजल्यावरची मांजर उठून गेली. उस्ताजांनी फोनवर हात ठेवून मागे पाहिलं आणि, त्यांनीच नंतर सांगितलं, त्यांना माझ्या भक्तीचं कौतुक वाटलं. शेवटचा सलाम फिरवून मी उडी मारली तेव्हा फोन कट झाला होता. "निरोप पोचला," ते म्हणाले, "थोडी भाषा सुधारून दिली."

मी त्या रात्री जेवले नाही. पण मनात म्हटलं, माझा भाऊ काही उस्ताज नाही, समजून घेईल. बारा म्हणजे बारा पोती, दुसरं काय असणार? माझ्या सव्वादोनचे बारा कोण करणार? त्या आशेवर मी पोती धुऊन, उलटून, गच्चीवर वाळत टाकली.

चौथ्या दिवशी दारात पाहुणे. गावप्रमुख उम्दा अब्दुस्समी, पायात नवे बूट, आणि सोबत अम्म गुनैम, हातात पिंजऱ्यातली कबुतरांची जोडी आणि माझ्यासाठी एक निळं कापड. मला वाटलं, काय माझा भाऊ! रस्माल पाठवतोच आहे, वर कबुतरंही नमुन्यादाखल. मी चहा ठेवला. (साखर पाहुण्यांच्या मानानं घातली. उम्दासाहेबांना दोन चमचे, अम्म गुनैमना एक.)

उम्दासाहेब म्हणाले, "सित्त इन्साफ, घरातली गोष्ट घरात मिटावी म्हणून आलोय. हाजला फार लागलंय."

मी म्हटलं, "एवढं लागण्यासारखं काय आहे त्यात? बारा जड जात असतील तर आठ द्या म्हणावं."

त्यांनी अम्म गुनैमकडे पाहिलं. "आठ?"

"सहासुद्धा चालतील. पण वरवरचं नको मला. तळातलं हवं, जुनं, काळं. बाबांच्या हातचं."

"तळातलंच आहे, बाई," अम्म गुनैम कळवळून म्हणाले, "अख्ख्या गावात तसं काळं नाही. हात घातला तर लोण्यासारखं," तेवढ्यात उम्दासाहेबांचं कोपर त्यांच्या बरगडीत गेलं.

"हात कशाला घालता, फावडं घाला की," मी म्हटलं. "पण एवढी वर्षं साचवून ठेवलंय म्हणजे कमाल आहे. मुतवल्ली त्याचं करतो तरी काय?"

"करणार काय? कांदा घेतो. बरसीम घेतो. गेल्या साली लसूण घेतला, देवाची कृपा, गाड्या भरून गेला."

मी विचारलं, "बुरुजात?"

उम्दासाहेब माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे, आणि अम्म गुनैम चहाच्या पेल्यात तोंड घालून असे बसले होते जणू त्यात बुडून जाता आलं तर बरं. चहा गार होऊ लागला तेव्हा त्यांना राहवलं नाही आणि ते म्हणून गेले की, निरोप ऐकला त्या दिवशी हाज दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले, "बारा? बारा कोणी सांगितले तिला?" उम्दासाहेबांनी घाईघाईनं खिशातून कागद काढला, शाईचं पॅड काढलं आणि म्हणाले, "सगळं नंतर बोलू. आधी इथं अंगठा द्या."

मी म्हटलं, विष्ठेसाठी अंगठा? आणि अंगठा का, मला सही येते. (मला मॅट्रिकपर्यंत शिकवावं हे तुम्हाला तेव्हाही पटलं नव्हतं, खूया. बाबांनी ऐकलं नाही. तुमचा अंदाज बरोबर होता असं आता वाटतं.) मी कागद हातात घेतला, बिस्मिल्लाह म्हटलं, आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. त्यात काय होतं ते इथे लिहून पत्र कडू करत नाही. मी म्हटलं, "माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय, कागद ठेवून जा, निवांत वाचते." चष्मा तेव्हा माझ्या कपाळावरच होता. (या खोट्याबद्दल तीन रोजे धरणार आहे.) उम्दासाहेब कागद परत मागू लागले, तर आमचे उस्ताज आतून आले आणि म्हणाले, यात व्याकरणाच्या चार चुका आहेत, अशा कागदावर सही झाली तर गावाचं नाव जाईल, दुरुस्त केल्याशिवाय देणार नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यांच्या व्याकरणाबद्दल मला माया वाटली ती त्या एकाच क्षणी.

पाहुणे गेले. निळं कापड मी परत पाठवलं, कबुतरं ठेवून घेतली, कारण त्यांचा यात काही दोष नाही. ती आता गच्चीवर आहेत आणि त्यांनी रस्माल द्यायला सुरुवात केली आहे. या गतीनं बारा पोती भरायला उस्ताजांच्या हिशोबानं शहाण्णव वर्षं लागतील. तोवर मला जगवायचं की नाही ते अल्लाहच्या हाती. तुम्ही तर मला आधीच मारून मोकळे झाला आहात.

तर असं हे सगळं एका शब्दामुळे झालं. मी जमीन मागितली नव्हती. तुमच्या मनात माझ्याविषयी किंतु आला, गावात तुमची मान खाली गेली, वहिनींचं पित्त वाढलं, याबद्दल मी हात जोडून क्षमा मागते. बहिणीनं भावाच्या दाराशी हिस्सा मागायला उभं राहणं आपल्याकडे किती लाजिरवाणं मानतात हे मला का ठाऊक नाही? म्हणून तर एकोणीस वर्षं मी गप्प होते. तुमचं आयुष्य वाढो, गुडघा सुधारो, आणि मनातला राग निवळो.

तुमची, अजून जिवंत असलेली, धाकटी बहीण
इन्साफ

ता. क. - तो कागद माझ्याजवळ जपून ठेवला आहे, काळजी नसावी. कुराणाच्या फडताळात, वेष्टणात. उस्ताजांनी चुका दुरुस्त केल्या नाहीत; म्हणाले, अस्सल दस्त जसा आहे तसाच ठेवावा. त्यात लिहिलंय की, 'मी, इन्साफ बिन्त अब्दुल-आती, पूर्वेच्या पट्ट्यातील काळ्या, पहिल्या प्रतीच्या, बारमाही पाण्याच्या अठ्ठेचाळीस किरात वडिलार्जित जमिनीतील माझ्या बारा किरातांवरचा हक्क राजीखुशीनं सोडते.' खाली तुमची सही, उम्दासाहेबांचा शिक्का, अम्म गुनैमची साक्ष. फक्त माझी जागा मोकळी आहे. खूया, नाल्याकाठचे नऊ किरात पूर्वेला कसे गेले? आणि खारट माती पहिल्या प्रतीची केव्हा झाली? असं कोणतं खत घातलंत, तेवढं बाशमुहंदिसाला कळवा, बिचारा उगाच शेवाळ विकत बसलाय.

ता. क. दुसरा - मशिदीतल्या शेखसाहेबांना विचारलं. माझ्या लोभासाठी नाही, तुमच्या परलोकासाठी. ते म्हणाले, मुलाला दोन, मुलीला एक, हा हिशोब माणसानं लावलेला नाही, म्हणून माणसाला तो मोडताही येत नाही. आणि जी बहीण लाजेपोटी गप्प बसते ती भावाच्या पापाला पाणी घालते. मी ऐकून रडले. एकोणीस वर्षं मी माझ्या थोरल्या भावाला जहन्नमच्या वाटेवर ढकलत होते आणि मला कळलंही नाही! आता तुम्हाला वाचवणं माझं कर्तव्य आहे. तुम्ही आभार मानू नका. आणि बाबांनी तुमचं नाव मुतवल्ली, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाचा राखणदार, असं ठेवलं ते किती विचारानं ठेवलं होतं. राखलंत, छान राखलंत. आता ज्याचं त्याला द्या.

ता. क. तिसरा - आपली मधली बहीण तफीदा कालपासून इथेच आहे. तिला वाचता येत नाही म्हणून कागद मी तिला वाचून दाखवला, तीन वेळा. ती तुमच्यावर रागावलेली नाही. तिनं फक्त एवढंच विचारलं, "मलापण बाराच पोती का गं?"

ता. क. शेवटचा - धरण झाल्यापासून नदी पाणी आणते, माती आणत नाही. बाबांच्या शेतात जी काळी माती आहे तेवढीच आहे, दुसरी येणार नाही. म्हणून ती पोत्यांत भरून वाळवंटात पाठवू नका, वाटेत सांडेल. ती जिथे आहे तिथेच मी येते. येत्या गुरुवारी, दुपारच्या नमाजानंतर, तफीदाला आणि उस्ताजांना घेऊन. मोजणीची काठी उम्दासाहेबांकडे असेलच, त्यांना थांबायला सांगा. आणि मागच्या निरोपाचा अर्थ लावताना तुमची जी ओढाताण झाली ती पुन्हा होऊ नये म्हणून खुलासा करते: तेव्हा मी रस्माल म्हटलं ते कबुतरांचं होतं. आता म्हणते ते उस्ताजांच्या व्याकरणानुसार वाचावं, आणि 'पोती' हा शब्द त्यांनी गाळला होता तसाच गाळावा.

कबुतरांचंही तयार ठेवा. बी टाकायला पंधराच दिवस उरलेत, आणि बारा किरातांच्या कडेनं कलिंगडाचे वेल चांगले लागतात असं बाबा म्हणायचे.